वाण लागला, गुण नाही

माझे मामा कोईमतूरहून विट्याला कायमचे परत आले, तेव्हा कामाच्या खोलीतल्या मोजक्याच वस्तू त्यांनी सोबत आणल्या होत्या: काचपेटीतला एक काटा, पितळी वजनांचा डबा, काठ झिजलेल्या दोन मुशी आणि तामिळ वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक दगड. छत्तीस वर्षे त्यांनी गलाईचे काम केले, म्हणजे सराफांकडे मोडीत आलेले सोने-चांदी वितळवून शुद्ध करून देण्याचे. खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी तालुक्यांतली हजारो माणसे या एका हुन्नराच्या जोरावर देशभरातल्या सराफ पेठांत जाऊन राहिली. आमच्या आजोळच्या गावात तर ज्यातला एखादा पुरुष केरळात नाहीतर तामिळनाडूत भट्टीपुढे बसला नाही, असे घर सापडणे कठीण होते. मामांनी दगड आणला तो माझ्यासाठी, कारण मी कराडच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते आणि परकराच्या ओच्यात दगड गोळा करण्याची माझी लहानपणची सवय त्यांच्या लक्षात राहिली होती.

"तुझ्या कामाचा हाय," एवढेच ते म्हणाले.

दगड मुठीत मावेल एवढा होता. सहा बाजूंचा खांब, वर निमुळता होत टोक गाठणारा. बुडाशी मात्र तो तुटलेला होता आणि तुटल्या जागी बाटलीची काच फुटावी तशा वळणदार लाटा उमटल्या होत्या. उभ्या बाजूंवर नखाला जाणवतील अशा बारीक आडव्या रेघा होत्या. टेबलावर तो काळा दिसे. खिडकीकडे धरला की काळेपणा विरघळून आत कोऱ्या चहाचा रंग दिसू लागे, बुडाशी दाट उकळलेल्या चहाचा आणि टोकाशी पाणी वाढवलेल्या चहाचा. मधोमध एक बारीक चीर होती आणि दगड फिरवला की तिच्यात इंद्रधनुष्याचा एक तुकडा हलत असे. मी तो ओल्या फडक्याने पुसला, खायच्या सोड्याने घासला, रात्रभर लिंबाच्या पाण्यात ठेवला. रंग तसाच राहिला, कारण तो अंगावर बसलेला नव्हता, अंगातच होता.

या दगडाला मराठीत धुरकट स्फटिक किंवा धूम्र स्फटिक म्हणतात, बाजारात 'स्मोकी क्वार्ट्झ' या नावाने तो ओळखला जातो, आणि दोन्ही नावांतल्या धुराशी त्याचा काहीही संबंध नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत मी दरवर्षी हा दगड वर्गात नेत असे आणि काही सांगण्याआधी मुलांना विचारत असे, की हा असा काळा कशाने झाला असेल? कोणी म्हणे आगीत सापडला असेल, कोणी म्हणे आत कोळसा मिसळला असेल, कोणी लोखंडाच्या गंजाचे नाव घेई. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, त्याला ऊन लागलं असेल." उत्तर चूक होते, पण मी ऐकलेल्या सगळ्या उत्तरांत तेच खऱ्याच्या सर्वांत जवळचे होते. या दगडाला खरोखरच काहीतरी लागलेले असते. ते उन्हासारखे वरून आलेले नसते, शेजारून आलेले असते, एवढाच फरक.

तो शेजार समजून घ्यायचा तर आधी आमच्या पायाखालचा दगड पाहावा लागतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टचा आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहत राहिला, थरावर थर साचले आणि सह्याद्रीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कड्यांतून ते थर आजही मोजता येतात. आमच्याकडची देवळे, घाट, वाड्यांची जोती, जाती, पाटे, सारे त्याच दगडाचे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत पाझरलेल्या पाण्याने हळूहळू खनिजे भरली. विहीर खणताना सुरुंग उडाला की मांजऱ्या खडकातून पांढरे, हिरवट, कधी मोरपंखी झाक असलेले चमकदार खडे बाहेर पडतात ते हेच. त्यांत झिओलाइट असतात, कॅल्साइट असतो, आणि गारगोटी असतेच असते. गारगोटी ही आमच्या लहानपणची सर्वांत मोठी संपत्ती होती. रात्री दिवे गेले की पांघरुणात शिरून दोन गारगोट्या एकमेकींवर घासायच्या आणि त्यांच्या पोटात उमटणारा पिवळसर उजेड पाहायचा, हा खेळ आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी खेळलेला असेल. घासल्यावर येणारा तो करपट वासही मला अजून आठवतो.

गारगोटी आणि मामांचा दगड यांचे कूळ एकच. दोन्ही सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन. तरीही माण-खटावच्या माळांवर, कृष्णेच्या वाळवंटात, खटाव तालुक्यातल्या विहिरींच्या ढिगांवर पन्नास वर्षे दगड वेचूनही मला चहाच्या रंगाचा एकही स्फटिक मिळालेला नाही. पांढरे मिळाले, दुधाळ मिळाले, एकदा फिकट जांभळ्या टोकांचा एक गुच्छही मिळाला. तपकिरी मात्र नाही. हा माझ्या नशिबाचा दोष नव्हता; बेसाल्टाच्या घरात तो रंग चढणे फार अवघड असते, हे मला पुष्कळ उशिरा उमगले.

धुरकट स्फटिकाचे खरे घर ग्रॅनाइट. जमिनीखाली खोलवर ग्रॅनाइटचा तप्त रस थंड होत जातो तेव्हा बहुतेक खनिजे आधी गोठून बसतात आणि शेवटी पाण्याने व सिलिकेने समृद्ध असा पातळ रस उरतो. हा उरलेला रस भेगांत शिरून जाड कणांच्या शिरा तयार करतो. त्यांना पेग्मटाइट म्हणतात, आणि त्यांतल्या पोकळ्यांत सिलिका निवांतपणे, एकावर एक अणूंचे थर रचत, सहा बाजूंचे स्फटिक घडवत जाते. आल्प्ससारख्या पर्वतांत हेच काम खडकांच्या भेगांतून फिरणारे गरम पाणी करते. स्फटिकाला जागा मिळाली तर त्याची टोके रेखीव होतात. जागा नसली तर तो दाटीवाटीने वाढतो आणि त्याचे रूप उमटत नाही. एक गोष्ट मात्र दोन्ही ठिकाणी सारखी असते: जन्मताना हा स्फटिक पाण्यासारखा नितळ असतो. त्याला तपकिरी रंग जन्मतः नसतो. तो रंग स्फटिक निवल्यानंतर, पुष्कळ नंतर, येतो.

कसा, ते सांगते. स्फटिकात प्रत्येक सिलिकॉनच्या अणूभोवती चार ऑक्सिजन असतात आणि ही चौकट सर्व दिशांना अखंड पसरलेली असते. वाढताना हजारो सिलिकॉनांमागे एखाद्या जागी चुकून ॲल्युमिनियमचा अणू बसतो. आकाराने तो तिथे मावतो, पण सिलिकॉनकडे बंधासाठी चार इलेक्ट्रॉन असतात आणि याच्याकडे तीनच. ती एकाची उणीव भरून काढायला लिथियम, सोडियम किंवा हायड्रोजनचा एखादा धन आयन शेजारच्या मोकळ्या जागेत येऊन बसतो आणि हिशेब जुळतो. इथवर रंगाचे नाव नाही. असा स्फटिक आरपार स्वच्छ दिसतो. आता त्याच्या शेजाराकडे पाहू. ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पार या गुलाबी खनिजात पोटॅशियम असते आणि त्यातला दर दहा हजारांत साधारण एक अणू पोटॅशियम-४० या किरणोत्सारी जातीचा असतो. शिवाय झिरकॉनसारख्या बारीक कणांत युरेनियम आणि थोरियम दडलेले असते. ही द्रव्ये अतिशय सावकाश विघटित होतात. पोटॅशियम-४० निम्मे व्हायला सव्वा अब्ज वर्षे लागतात आणि युरेनियम-२३८ निम्मे व्हायला साडेचार अब्ज. प्रत्येक विघटनातून किरण सुटतो, स्फटिकात शिरतो आणि ॲल्युमिनियमला चिकटून असलेल्या ऑक्सिजनचा एक इलेक्ट्रॉन उडवून लावतो. उडालेला इलेक्ट्रॉन दुसरीकडे कुठेतरी अडकतो, ऑक्सिजनवर त्याची रिकामी जागा उरते, आणि ही रिकामी जागा येणाऱ्या उजेडातला काही भाग गिळू लागते. अशा काही जागा झाल्या की स्फटिक मातकट दिसतो, आणखी झाल्या की चहासारखा, आणि पार भरून गेल्या की इतका काळा होतो की पातळ कड सोडली तर उजेड आरपार जात नाही. त्या काळ्या प्रकाराला 'मोरिऑन' असे वेगळे नाव आहे.

ढवळ्याशेजारी पवळा बांधला, वाण नाही पण गुण लागला, अशी आपल्याकडे म्हण आहे. या दगडाच्या बाबतीत ती मला नेहमी उलटी म्हणावीशी वाटते. ग्रॅनाइटच्या शेजारी कोट्यवधी वर्षे बांधलेल्या या स्फटिकाला वाण लागला, गुण मात्र एकही लागला नाही. त्याचा कठीणपणा मोहच्या मापावर सातच राहिला, पाण्याच्या तुलनेत वजन २.६५ पटच राहिले, रासायनिक घडण बदलली नाही. मुख्य म्हणजे शेजाऱ्याचा किरणोत्सार त्याच्या अंगी आला नाही. वर्गात हे सांगितल्यावर दरवर्षी कोणीतरी दगड घाईघाईने टेबलावर ठेवत असे आणि मग मला आंब्याचे उदाहरण द्यावे लागे. २००७ साली आपला हापूस अमेरिकेला जाऊ लागला तो लासलगावच्या केंद्रात कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखालून काढल्यावर. त्या किरणांनी आंब्यातली कीड निष्प्रभ होते, पण आंबा स्वतः किरणोत्सारी होत नाही. दगडाचेही तसेच आहे. त्याने किरण झेलले, साठवून पुन्हा बाहेर सोडले नाहीत. आजही नितळ स्फटिक अशाच गॅमा किरणांखाली ठेवून थोड्या काळात धुरकट केला जातो, आणि बाजारात येणारे पुष्कळ गडद, एकसारख्या रंगाचे खडे असे घडवलेले असतात. निसर्गाने ज्याला लाखो-कोट्यवधी वर्षे लावली ते काम यंत्र झटपट उरकते. त्यात फसवणूक नाही, मात्र विकणाऱ्याने तसे सांगितले पाहिजे.

बेसाल्टात पोटॅशियम, युरेनियम, थोरियम हे सारे ग्रॅनाइटच्या मानाने फारच थोडे. आमच्या गारगोट्यांना शेजारच मवाळ लाभला, म्हणून त्या पांढऱ्या राहिल्या. जांभळा स्फटिक दख्खनच्या खडकात अधूनमधून सापडतो. त्याच्याही रंगामागे किरणांचा हात असतो, पण तिथे ॲल्युमिनियमऐवजी लोहाच्या अणूंचे काम असते आणि तपकिरी रंगाला लागणारी मात्रा त्याला लागत नाही.

असे असले तरी ग्रॅनाइट आमच्यापासून दूर नाही, हे कळले तेव्हा मला अंगावर शहारा आल्याचे आठवते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला झालेल्या भूकंपाच्या आठवणी आमच्या घरात पिढीजात सांगितल्या जातात. त्या रात्री कराडातली माणसेही घराबाहेर धावली होती. त्या भूकंपांचे मूळ शोधण्यासाठी पुढे कोयना परिसरात खोल विंधन छिद्रे घेतली गेली आणि गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोलीचे छिद्र २०१७ मध्ये पूर्ण झाले. त्या कामासाठी भारत सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आमच्या कराडजवळच उभी आहे. त्या छिद्रांतून जे निघाले ते असे: आमचा काळा बेसाल्ट एक-सव्वा किलोमीटर खोलीपर्यंत, आणि त्याच्याखाली थेट ग्रॅनाइट व त्याच्याच जातीचे खडक, अब्जावधी वर्षे जुने. मधे दुसरे फारसे काही नाही. आम्ही ज्याला जमीन म्हणतो ते एक काळे पांघरूण आहे आणि त्याखाली मामांच्या दगडाचा मुलूख पसरला आहे. दक्षिणेकडे हे पांघरूण संपते आणि ग्रॅनाइट उघडा पडतो. कोईमतूरपासून जवळ असलेल्या कांगेयमच्या माळांवर रत्नांचे खडे वेचणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत; त्यांच्यातल्या एकाकडून मामांना हा दगड मिळाला होता, चांदीच्या तारेच्या बदल्यात.

जगात इतरत्र या दगडाला मिळालेला मान पाहिला की आपण त्याची फार उपेक्षा केली असे वाटते. स्कॉटलंडमध्ये केर्नगॉर्म पर्वतात मिळणारा धुरकट स्फटिक त्या पर्वताच्याच नावाने ओळखला जातो आणि तिथल्या पारंपरिक पोशाखावरच्या पिना, कट्यारींच्या मुठी त्याने सजवलेल्या असतात. स्वित्झर्लंडच्या उरी परगण्यात टीफेन हिमनदीवरच्या कड्यात १८६८ साली स्फटिक शोधणाऱ्या डोंगरी लोकांना एक गुहेएवढी पोकळी सापडली आणि तिच्यातून जवळजवळ काळे, माणसाला उचलता न येणारे, काही तर शंभर किलोंवरचे स्फटिक निघाले. त्यांतले मोठे आज बर्नच्या संग्रहालयात आहेत. त्या पर्वतांत आणखी एक गोष्ट आढळते, जी मला फार आवडते: उंचावरच्या भेगांतले स्फटिक सहसा अधिक गडद असतात आणि खालच्या भेगांतले फिके. वरचे खडक आधी निवले, त्यामुळे त्यांतल्या स्फटिकांना रंग साठवायला अधिक काळ मिळाला. खडक तप्त असेपर्यंत किरण कितीही लागले तरी रंग टिकत नाही. निवल्यानंतरच तो साचू लागतो.

उपयोगांची गोष्ट निघाली की लोक आधी अंगठीच डोळ्यांपुढे आणतात. त्याला कारण आहे. हा दगड मोठ्या, स्वच्छ आकारात मिळतो, पैलू पाडायला सोपा असतो, सुरीने त्यावर ओरखडा उठत नाही आणि किमतीला तो गरिबाच्या आवाक्यातला असतो. पण मला त्याचे डोळ्यांवरचे उपयोग अधिक मोलाचे वाटतात. चीनमध्ये कित्येक शतकांपूर्वी धुरकट स्फटिकाचे पातळ काप चष्म्यासारखे डोळ्यांवर लावत, आणि न्यायाधीश ते अशासाठी वापरत की साक्ष ऐकताना त्यांच्या डोळ्यांतला भाव कोणाला कळू नये, असे सांगतात. आपल्याकडे तंजावरजवळच्या वल्लम गावात स्फटिक घासून चष्म्याची भिंगे करण्याचा धंदा होता. आजोबांच्या पिढीतली माणसे 'पेबलचा चष्मा' म्हणत तो स्फटिकाच्या भिंगांचा. काचेपेक्षा तो कठीण, त्यामुळे धोतराच्या सोग्याने पुसला तरी चरे पडत नसत, आणि गालाला लागला की काचेपेक्षा गार वाटे, कारण स्फटिक उष्णता लवकर ओढून घेतो.

दुसऱ्या महायुद्धातला उपयोग तर या साऱ्यांहून वेगळा. स्फटिकाच्या पातळ चकतीला विजेचा दाब दिला की ती ठरावीक गतीने कंप पावते. पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलेला, दाबाने स्फटिकात वीज निर्माण होण्याचा जो गुण, त्याचीच ही दुसरी बाजू. आज आपल्या मनगटी घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो तो याच गुणामुळे. युद्धकाळात लष्करी रेडिओसाठी अशा चकत्या प्रचंड संख्येने लागत. चकती घासून पातळ केली की तिची कंपनसंख्या वाढते, पण घासताना हात जरा जास्त चालला तर ती प्रमाणाबाहेर वाढते, आणि घासलेला दगड परत भरता येत नाही. क्लिफर्ड फ्राँडेल या अमेरिकन खनिजशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की अशी चकती क्ष-किरणांखाली ठेवली तर तिची कंपनसंख्या किंचित उतरते, आणि उतरता उतरता चकती धुरकट होते. वाया गेलेल्या चकत्या या रीतीने कामात आणता आल्या. ज्या बदलाने पर्वताच्या पोटात रंग चढतो तोच बदल घड्याळजीच्या अचूकतेने कामाला जुंपला गेला, हे वाचल्यापासून माझ्या मनातली या दगडाची किंमत कितीतरी वाढली.

धुरकट स्फटिक जवळ ठेवल्याने चिंता जाते, मूलाधार चक्र शुद्ध होते, मोबाईलचे किरण शोषले जातात, असे सांगून त्याच्या माळा आणि पिरॅमिड आज सर्रास विकले जातात. यातल्या कशालाही पुरावा नाही. आजारी माणसाने औषधाऐवजी दगडावर विसंबू नये, हे मी कोणाला दुखावण्याची भीती न बाळगता सांगते.

बाजारातला दुसरा गोंधळ मी स्वतः अनुभवला. मुलीच्या अंगठीसाठी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून मी तपकिरी खडा घेतला. 'स्मोकी टोपाझ' आहे, पुष्कराजाच्या जातीचा आहे, असे सांगून त्याची चांगली किंमत घेतली गेली होती. विट्याला गेल्यावर तो मामांना दाखवला. मामांनी भिंग लावले नाही, काही बोलले नाहीत. काचपेटी पुढे ओढली, खडा तोलला. २.१२ ग्रॅम. मग माझ्या मामीच्या केसाचा एक लांब धागा घेऊन त्याने खडा बांधला, तो काट्याच्या तागडीखाली टांगला आणि खाली पाण्याचा पेला धरून त्यात पूर्ण बुडवला. बुडबुडे काडीने झटकून पुन्हा तोलला. १.३२ ग्रॅम. पाण्यात खडा ०.८० ग्रॅमने हलका झाला होता. २.१२ ला ०.८० ने भागले की २.६५. टोपाझ असता तर हा आकडा साडेतीनच्या आसपास आला असता, कारण टोपाझ पाण्याच्या साधारण साडेतीन पट जड असतो. सोन्याचा कस काढणाऱ्या माणसाला ही रीत नवी नव्हती, फक्त दगडावर त्यांनी ती पहिल्यांदाच लावली होती. खडा होता शुद्ध धुरकट स्फटिक. त्याचे खरे नाव सांगून विकला असता तर मी तो आनंदाने घेतला असता. 'स्मोकी टोपाझ' हे नाव इतके रुळले आहे की काही दुकानदार ते अजाणतेपणीही वापरत असतील, पण टोपाझ नसलेल्या दगडाला टोपाझ म्हणणे चूकच आहे. त्याला त्याच्या नावाने हाक मारावी, एवढी त्याची योग्यता नक्कीच आहे.

त्याच दिवशी मी मामांना आणखी एक गोष्ट सांगितली: हा रंग तापवल्यावर जातो. ते काट्याचे झाकण लावता लावता थांबले. उरल पर्वतातले शेतकरी धुरकट स्फटिक पावाच्या कणकेत गुंडाळून भट्टीत भाजत आणि तो सोनेरी करत असे सांगितले जाते, तेही मी सांगितले. आपल्याकडच्या बाजारात सुनेला म्हणून मिळणारा पिवळा खडा काही वेळा भाजलेला जांभळा किंवा धुरकट स्फटिकच असतो. "करून बघू," मामा म्हणाले. अख्खा दगड तापवायला मी तयार झाले असते, पण त्यांनी नकार दिला. तुटलेल्या बुडाचा एक ढिला झालेला टवका होता तेवढा त्यांनी अलगद वेगळा केला आणि तोलला. ६.८४ ग्रॅम. कागदाच्या चिठ्ठीवर आकडा लिहून त्यांनी ती काचपेटीखाली सारली.

स्फटिक घाईने तापवला तर तडकतो आणि ५७३ अंशांना त्याची आतली रचनाच बदलते, म्हणून त्याच्या पुष्कळ खाली राहणे आवश्यक होते. आमच्याकडे तापमापक नव्हता. मामांनी लोखंडी कढईत चाळलेली कोरडी वाळू भरली, टवका तिच्यात पुरला, आणि त्याच खोलीवर दोन पणत्या रोवल्या. एका पणतीत शिशाचा तुकडा ठेवला, दुसरीत जस्ताचा. शिसे ३२७ अंशांना वितळते आणि जस्त ४१९ ला. "शिसं पाझरलं पायजे आन् जस्त जाग्यावर ऱ्हायलं पायजे," ते म्हणाले, आणि परसात चुलीवर कढई चढवून लाकडे एकेक करून सारू लागले. दोन तासांनी शिशाची कड गोल झाली, मग तो तुकडा पाऱ्यासारखा थरथरून पणतीच्या बुडाशी गोळा झाला. जस्त तसेच होते. मामांनी त्यानंतर तीन तास जाळ त्याच बेताने राखला, एकदाही उठले नाहीत. छत्तीस वर्षे भट्टीपुढे बसलेल्या माणसाचे ते बसणे मी पहिल्यांदा पाहत होते. मग जाळ ओढून घेतला आणि कढई झाकून रात्रभर तशीच ठेवली, कारण निवतानाही घाई चालत नाही.

सकाळी वाळू सारली तेव्हा टवका प्रथम मला दिसलाच नाही. तो वाळूच्या कणांइतकाच पांढरा झाला होता. धुऊन उन्हात धरला तर आरपार स्वच्छ, फक्त एका कडेला लिंबाच्या सालीसारखी फिकट पिवळी झाक. रात्रभरात सारे उडालेले इलेक्ट्रॉन आपापल्या रिकाम्या जागी परतले होते आणि कोट्यवधी वर्षांचा वाण निघून गेला होता. ॲल्युमिनियम मात्र जिथल्या तिथे होते; पुन्हा किरण लागले तर याच टवक्यावर तोच रंग पुन्हा चढू शकतो, हेही मी मामांना सांगितले. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. त्यांनी टवका फडक्याने कोरडा केला, काटा स्थिर होऊ दिला आणि तो तागडीत ठेवला. मग कालची चिठ्ठी काढून बघितली, पुन्हा काट्याकडे बघितले, टवका उचलून परत ठेवला. ६.८४.

गलाईत सोने कितीही जपून वितळवले तरी थोडी घट येतेच, आणि ती कोणाच्या माथी मारायची यावरून भांडणे होतात, हे मी आजोळी लहानपणापासून ऐकत आले आहे. मामांनी बराच वेळ काट्याचा दांडा हलू दिला नाही.

"घट न्हाई," ते म्हणाले, आणि चिठ्ठीवर कालच्या आकड्याखाली तोच आकडा पुन्हा लिहिला.